काखेतीतील घरगुती मरानीत ‘किसी’ कशी चाखावी

जॉर्जियाच्या काखेती प्रांतात जाणारा प्रवासी राजधानी तिबिलिसीहून सकाळी निघून संध्याकाळी परतणार असेल, तर त्याच्या वाट्याला बहुधा रकात्सितेली ही पांढरी आणि सापेरावी ही लाल वाइन येते. दोन्ही उत्तमच आहेत. परंतु ‘किसी’ या कमी लागवडीच्या पांढऱ्या द्राक्षाची वाइन चाखायची असेल, तर तेलावी किंवा सिग्नागी येथे निदान एक रात्र मुक्काम करावा आणि जवळच्या गावातील एखाद्या कुटुंबाची मरानी, म्हणजे वाइन करण्याची व साठवण्याची जागा, आधी कळवून गाठावी. सोव्हिएत काळात भरघोस पीक देणाऱ्या वाणांवर भर राहिल्याने किसी आणि खिख्वी यांसारखी वाणे मागे पडली होती. आज ती पुन्हा उभी राहत आहेत, त्यात छोट्या उत्पादकांचा वाटा मोठा आहे.

सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तेथे ‘र्त्वेली’ म्हणजे द्राक्षतोडणीचा हंगाम असतो. तो पाहण्यासारखा असला, तरी त्या दिवसांत घरातील प्रत्येकाचे हात कामात गुंतलेले असतात. निवांत बोलायचे आणि चाखायचे असेल, तर वसंत ऋतू अधिक सोयीचा, कारण हिवाळाभर बंद असलेल्या क्वेव्री, म्हणजे वाइन आंबवण्याचे मातीचे रांजण, तेव्हा उघडल्या जातात.

ही क्वेव्री नीट समजून घेतल्याशिवाय पेल्यातील वाइन कळत नाही. एखादा प्रचंड रांजण तोंडापर्यंत जमिनीत पुरलेला आहे, अशी कल्पना करावी. आतून त्याला मधमाश्यांच्या मेणाचा लेप असतो आणि तळ अंड्याच्या टोकासारखा निमुळता असतो. एरवी पांढऱ्या वाइनसाठी द्राक्षे दाबून रस लगेच वेगळा काढतात. काखेतीच्या पारंपरिक रीतीत मात्र रस, साली, बिया आणि पुष्कळदा पिकलेले देठही एकत्रच क्वेव्रीत जातात. आंबण्याच्या काळात वर येणारा चोथा दिवसातून अनेकदा खाली ढकलला जातो, आणि नंतर तोंड बंद करून सारे पाच-सहा महिने तसेच राहू देतात. बिया निमुळत्या तळाशी बसतात, त्यांच्यावर साली बसतात, त्यामुळे बियांचा कडवटपणा फारसा उतरत नाही आणि वाइन आपोआप निवळते. रंग मधासारखा पिवळसर-तांबूस होतो, आणि पांढऱ्या द्राक्षाच्या वाइनला कोऱ्या चहासारखा तुरटपणा येतो. ही पद्धत 2013 साली युनेस्कोच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत आली.

म्हणून यजमानांना पहिला प्रश्न विचारावा तो हाच, की साली किती काळ ठेवल्या आणि देठ घातले होते का. काही कुटुंबे किसीची वाइन स्टीलच्या टाकीत, साली काढूनही करतात. दोन्ही प्रकार असतील, तर ते शेजारीशेजारी मागावेत. आधी टाकीतील आणि मग क्वेव्रीतील, हा क्रम पाळावा, कारण तुरट वाइननंतर हलकी वाइन पाणचट लागते. पहिलीत नासपतीसारखा फळांचा सुगंध सहज ओळखता येतो, तर दुसरीत सुकवलेले जर्दाळू आणि अक्रोड यांची आठवण होते. क्वेव्रीतील वाइन बर्फासारखी थंड करून पिऊ नये, थंडीने तुरटपणा टोचू लागतो आणि सुगंध दबतो. 14 अंश सेल्सियसच्या आसपास ती खुलते. पहिल्या घोटावर मत बनवू नये. सोबत अक्रोडाचे वाटण भरलेली वांगी, सुलगुनी चीज आणि भट्टीतील पाव घेऊन पुन्हा चाखावे. (या पावाला तेथे ‘पुरी’ म्हणतात, हे ऐकून मराठी माणसाला हमखास आपल्या घरची आठवण येते.) शाकाहारी पाहुण्यालाही काखेतीत वाइनबरोबर खाण्याजोगे भरपूर मिळते.

जाताना चालक असलेली गाडीच ठरवावी. यजमान पेला रिकामा राहू देत नाहीत, त्यामुळे सुरुवातीलाच थोडीथोडी देण्याची विनंती करण्यात कोणताही अवमान नाही. चाखून झाल्यावर निदान एक बाटली विकत घ्यावी. भारतात परतताना प्रौढ प्रवाशाला शुल्काविना 2 लिटरपर्यंत मद्य आणता येते, म्हणजे 750 मिलिलिटरच्या दोन बाटल्या निश्चिंतपणे बसतात. त्या कपड्यांत गुंडाळून चेक-इन सामानात ठेवाव्यात, आणि घरी पोहोचल्यावर काही दिवस उभ्या ठेवून तळाचा गाळ बसला की मगच उघडाव्यात.