शेवाळाच्या झुबक्यातला अ‍ॅम्फिपॉड: शोधावा कसा, पाहावा कसा

गोव्यात हणजुणे किंवा दोना पावला येथील खडकांवर ओहोटीच्या वेळी शेवाळाचा एखादा झुबका उचलला, की त्यातून तांदळाच्या कणीएवढे काही जीव कुशीवर घसरत खाली पडतात आणि क्षणात पुन्हा ओलाव्याखाली दडतात. पाहणारा बहुधा त्यांना कोळंबीची पिल्ले समजतो. प्रत्यक्षात ते अ‍ॅम्फिपॉड असतात. कोळंबी, कुर्ल्या यांच्याप्रमाणेच ते कवचधारी असले तरी त्यांचा गण स्वतंत्र आहे. लात्रेय या फ्रेंच प्राणिशास्त्रज्ञाने १८१६ साली त्याला नाव दिले आणि आजवर या गणाच्या दहा हजारांहून अधिक जातींची नोंद झाली आहे. खोल समुद्रात सुमारे ३४ सेंटीमीटर लांबीची एक जात सापडते. मात्र आपल्या खडकांवर दिसणारे अ‍ॅम्फिपॉड साधारण तीन ते दहा मिलिमीटरचे असतात. एवढ्या लहान प्राण्याची जात ठरवणे तज्ज्ञाचे काम आहे आणि नवख्याने त्या वाटेला सुरुवातीलाच जाऊ नये, असे माझे मत आहे. तो कोठे सापडला आणि त्या जागी त्याचे पाय काय करतात, हे आधी पाहावे.

वेळेची निवड पहिली. अमावास्या किंवा पौर्णिमेनंतरचे दोन-तीन दिवस पाणी सर्वांत दूर जाते. गोव्याच्या किनाऱ्यावर दिवसातून दोनदा ओहोटी येते, पण दोन्ही सारख्या खोल नसतात. म्हणून मुरगाव बंदराचा भरती-ओहोटीचा तक्ता पाहून त्यांतली अधिक खालची आणि उजेडात येणारी ओहोटी निवडावी. पाणी सर्वांत खाली जाण्याच्या तासभर आधी खडकावर पोहोचावे, उतरत्या पाण्यामागून पुढे जावे आणि पाणी वळताच परत फिरावे. जून ते सप्टेंबर या काळात हा उद्योग करूच नये. पावसाळा सरला, की नोव्हेंबरपासून खडकांवर सरगॅसम, पाडिना, उल्वा यांसारखी समुद्री शेवाळे वाढू लागतात आणि पुढचे काही महिने शोधायला सर्वांत सोयीचे जातात.

सामानाचा खटाटोप फारसा नाही. पांढरा पसरट ट्रे, चहाची बारीक जाळीची गाळणी, मऊ कुंचला, ड्रॉपर, झाकणाच्या दोन-तीन डब्या, दहापट मोठे दाखवणारे भिंग, पेन्सिल आणि वही एवढे पुरते. पायांत जाड तळाचे बूट मात्र हवेत, कारण कालवांच्या शिंपल्यांनी तळवे कापले जातात. मोबाइलला लावायचे मॅक्रो भिंग असल्यास उत्तम, कारण जिवंत प्राणी स्थिर राहत नाही आणि पाय मोजायला छायाचित्राचा मोठा आधार होतो.

शेवाळ मुळासकट उपटू नये. मूठभर झुबका कात्रीने कापावा, तोही पाण्यात बुडलेल्या डबीत धरून, कारण हवेत उचलताच निम्मे प्राणी निसटतात. ट्रेमध्ये दोन बोटे समुद्राचे पाणी घेऊन त्यात तो झुबका जोराने हलवावा, मग शेवाळ बाजूला काढून पाणी निवळू द्यावे. मिनिटभरात पांढऱ्या तळावर हालचाल दिसू लागते. नळाचे पाणी वापरले तर प्राणी चटकन सुटे होतात हे खरे, पण ते मरतात. पहिल्या खेपेस मी हीच चूक केली आणि घरी पोहोचेपर्यंत ट्रेमध्ये पाहण्याजोगे काही उरले नव्हते. दुसऱ्या खेपेस डबी स्कूटरच्या डिकीत उन्हात राहिली आणि परिणाम तोच झाला. तेव्हापासून मी ओल्या फडक्यात गुंडाळलेली डबी पिशवीत घालून सावलीत नेतो आणि तिच्यात शेवाळाचा छोटासा तुकडाच ठेवतो, कारण जास्त शेवाळ कुजले तर पाण्यातला प्राणवायू संपतो.

आता ट्रेमधला प्राणी अ‍ॅम्फिपॉडच आहे, याची खात्री करावी. बाजारात मिळणारा जवळा कोळंबीच्या कुळातला आहे. त्याचे डोळे देठावर असतात आणि डोक्यापासून छातीपर्यंत सलग कवच असते. अ‍ॅम्फिपॉडचे डोळे डोक्यालाच चिकटलेले असतात, असे सलग कवच त्याला नसते आणि छातीचे खंड एकेक करून सुटे दिसतात. जेटीच्या भिंतीवर सरसर पळणारा लायजिया हा जवळचा नातेवाईक वरून खाली चपटा असतो, तर अ‍ॅम्फिपॉड दोन्ही बाजूंनी दाबल्यासारखा असतो. म्हणूनच पाण्याबाहेर त्याला उभे राहणे जमत नाही आणि तो कुशीवर पडून सरकतो. पाहणाऱ्याच्या दृष्टीने हे सोयीचेच आहे, कारण काचेवर ठेवताच तो आपली बाजू दाखवतो. फारच वळवळत असेल तर काचेची बशी थोडा वेळ बर्फावर ठेवावी.

मोजणी शेपटीकडून सुरू करावी, असा माझा आग्रह आहे. पुस्तकांतील वर्णन डोक्याकडून चालते, परंतु डोक्याजवळ शृंगिका (मिशांसारखे स्पर्शावयव) आणि पुढचे पाय यांची इतकी दाटी असते, की नवखा माणूस तेथेच अडकतो. मागच्या टोकाला पुच्छखंड हा बारीक तुकडा असतो. त्याच्या पुढच्या तीन खंडांवर मागे रोखलेल्या, बहुधा दुभंगलेल्या काड्यांच्या तीन जोड्या असतात. उडी मारताना आणि स्वतःला ढकलताना त्या कामी येतात. त्यांच्या पुढे आणखी तीन खंड आणि त्यांवर पिसांसारख्या केसाळ पायांच्या तीन जोड्या दिसतात. हे पाय पोहायला उपयोगी पडतात आणि प्राणी बसलेला असतानाही सतत हलत राहतात, कारण त्यांनी ढकललेले पाणी पोटाखालून वाहते. त्या पाण्याची गरज कशाला, हे पुढच्या भागात कळते.

पोटाच्या पुढे छातीचे सात सुटे खंड आणि पायांच्या सात जोड्या. यांतल्या शेवटच्या तीन जोड्या मागच्या बाजूला वळलेल्या असतात आणि त्यांच्या पुढच्या जोड्या पुढे. पायांच्या या दोन दिशांवरूनच गणाचे नाव आले आहे (ग्रीक ‘अम्फि’ म्हणजे दोन्ही बाजूंचे, ‘पॉड’ म्हणजे पाय). सर्वांत पुढच्या दोन जोड्यांची टोके चिमट्यासारखी मिटतात. अन्न धरणे, साफसफाई, भांडण आणि मादीला पकडून ठेवणे ही कामे त्या करतात. अनेक जातींत नराच्या दुसऱ्या जोडीचा पंजा मादीपेक्षा पुष्कळ मोठा असतो, त्यामुळे एकाच झुबक्यात दोन वेगळ्या जाती सापडल्याचा भास होतो. पायांच्या बुंध्याशी ढालीसारख्या पट्ट्या लोंबतात आणि त्यांच्या आतल्या बाजूला पातळ पिशव्यांसारखे कल्ले असतात. ढाली आणि पोट यांच्यामधून वाहणाऱ्या पाण्यातून हे कल्ले प्राणवायू घेतात. केसाळ पाय थांबले तर हे पाणीही थांबते.

मादीच्या छातीखाली पानांसारख्या पट्ट्यांची पिशवी असते आणि तिच्यात अंडी उबतात. भिंगातून ती अर्धपारदर्शक शरीरातून गोल दाण्यांसारखी दिसतात. पिल्ले बाहेर येतात ती मोठ्यांचीच लहान प्रतिकृती असतात. कुर्ल्यांसारखी पाण्यावर तरंगत दूर जाणारी डिंभकाची, म्हणजे अळीसारख्या पिल्लाची, अवस्था त्यांना नाही, म्हणून वाहत्या शेवाळावर किंवा जहाजांच्या बुडाला चिकटून त्यांचा प्रवास होतो. कधी ट्रेमध्ये एक मोठा प्राणी दुसऱ्या लहानाला पोटाखाली धरून हिंडताना दिसतो. तो शिकार करत नसून मीलनासाठी मादी कात टाकण्याची वाट पाहत असतो, तेव्हा त्यांना वेगळे करू नये.

शेवाळावरचा प्राणी पाहून झाला, की बाकीच्या जागा तपासाव्यात, कारण जागा बदलली की शरीरही बदलते. सरगॅसमच्या पानांना चिकटलेली बारीक नळी दिसली तर ती सुईने अलगद उघडावी. काही अ‍ॅम्फिपॉडांच्या पुढून तिसऱ्या आणि चौथ्या जोडीच्या पायांत ग्रंथी असतात आणि त्यांतून निघणाऱ्या धाग्याने पाने जोडून ते घर बांधतात. जेटीच्या जुन्या दोरखंडावर आणि जलझुडपांसारख्या दिसणाऱ्या हायड्रॉइड या प्राण्यांवर कॅप्रेला कुळातले प्राणी शोधावेत. त्यांचे पोट जवळजवळ नाहीसे झालेले असते, तिसरी-चौथी जोडी बहुतेकांत नसते आणि तेथे फक्त कल्ले लोंबतात. मागच्या तीन जोड्यांनी घट्ट धरून, पुढचा भाग उंच करून ते प्रार्थनाकीटकासारखे डोलत उभे राहतात. पोहणे ज्याला क्वचितच लागते, त्याच्या पोहण्याच्या पायांची ही दशा पाहण्यासारखी आहे. मांडवी आणि जुवारीच्या काठचा चिखल चाळला, तर बिळात किंवा नळीत राहणारे प्रकार मिळतात. मात्र तेथे गुडघाभर रुतण्याची तयारी हवी, आणि मला स्वतःला खडकच बरा वाटतो.

वाळूतले अ‍ॅम्फिपॉड दिवसा भरतीच्या रेषेजवळच्या दमट वाळूत बिळांत असतात आणि रात्री वाहून आलेल्या शेवाळावर चरायला येतात. पोटाचा मागचा भाग खाली दुमडून झटक्याने सरळ केला, की ते उडतात. त्यांची पहिली शृंगिका दुसरीपेक्षा बरीच आखूड असते, ही ओळखीची सोपी खूण आहे. मोरजी, मांद्रे, आगोंद आणि गालजीबाग या किनाऱ्यांवर कासवे अंडी घालतात; तेथे वाळू उकरू नये आणि रात्री विजेरी घेऊन फिरू नये. त्याचप्रमाणे जिवंत प्रवाळाला कोठेही हात लावू नये, त्याला वन्यजीव कायद्याचे संरक्षण आहे.

पाहून झाल्यावर प्राणी ज्या डबक्यातून आणले त्याच डबक्यात सोडावेत. जात ठरवायचीच असेल तर दोन-तीन नमुने ७० टक्के अल्कोहोलमध्ये ठेवून जाणकाराला दाखवावेत. १९६६ मध्ये स्थापन झालेली राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था दोना पावला येथे आहे, आणि महाविद्यालयाच्या प्राणिशास्त्र विभागातही विचारता येते. नमुन्याच्या डबीत चिठ्ठी घालावी. तिच्यावर तारीख, ओहोटीची वेळ, खडकाची जागा आणि शेवाळाचा प्रकार लिहावा. लिहायला पेन्सिलच वापरावी, कारण पेनाची शाई अल्कोहोलमध्ये विरघळते आणि महिनाभराने हातात एक अनामिक किडा तेवढा उरतो.