पाईनच्या चिकाची घरी राळ करताना

खोडावरून ओघळून वाळलेला चीक तेवढाच खरवडून घ्या, जखमेवरचा थर काढू नका, झाडासाठी ते बँडेजच असतं. मग जुन्या डब्यात टाकून डबा गरम पाण्याच्या भांड्यात ठेवा आणि हळूहळू वितळू द्या, शक्यतो घराबाहेर आणि इलेक्ट्रिक शेगडीवरच, कारण यातून टर्पेंटाईनची वाफ निघते, ती उघड्या जाळावर लगेच पेट घेते, त्यामुळे झाकणही हाताशी हवंच. पातळ झालं की गरम असतानाच स्टीलच्या गाळणीतून गाळा (गाळणी परत स्वयंपाकात वापरायची आशा सोडा). एक थेंब गार करून बघा, कडक होऊन तुटला तर राळ झाली, चिकट असेल तर अजून तापवा. हाताला लागलं तर आधी तेल चोळा मग साबण, नुसत्या पाण्याने निघत नाही.