गिअरकेसमध्ये पाणी गेलंय? सील घरी बदला, गिअर तज्ज्ञाला द्या

आउटबोर्ड म्हणजे बोटीच्या मागे लावलेली मोटर. तिच्या गिअरकेसचं, म्हणजे प्रोपेलरजवळच्या गिअरच्या डब्याचं, ऑइल दुधाच्या चहासारखं निघालं, की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला: "ऑइल बदला, चालते तेवढं." दुसरा: "पूर्ण मोटर मुंबईला पाठवा." पहिल्याने बेअरिंगं गंजतात. दुसऱ्यात नागपूरहून आठशे किलोमीटरचं भाडं अख्ख्या मोटरसाठी भरावं लागतं, आणि काम असतं फक्त खालच्या भागाचं. २५ ते ४० हॉर्सपॉवरच्या मोटरचा गिअरकेस चार-सहा बोल्टांवर सुटतो आणि एकटा माणूस तो उचलतो. पाठवायचाच झाला, तर तेवढाच लाकडी खोक्यात घालून ट्रान्सपोर्टने पाठवा.

पाठवायचा की नाही, हे ड्रेन स्क्रूवरच, म्हणजे ऑइल काढायच्या खालच्या स्क्रूवरच कळतं. मोटर रात्रभर उभी ठेवा. सकाळी खालचा स्क्रू जरासा सैल केला, की आधी पाणी येतं, कारण ते ऑइलपेक्षा जड असतं. मग सगळं ऑइल पांढऱ्या कापडातून गाळा आणि कापडावर चुंबक फिरवा. राखाडी लगदा चिकटला, तर ती नेहमीची झीज आहे. बोटाला टोचणारे कण किंवा चकत्या निघाल्या, तर गिअर किंवा बेअरिंग गेलंय. इथेच थांबा, तज्ज्ञाकडे द्या. कण नसतील, तर दुखणं बहुधा सीलचं, म्हणजे शाफ्टभोवतीच्या रबरी कड्याचं आहे आणि ते काम घरच्या अंगणात होतं.

आपल्याकडे सील जाण्याचं मोठं कारण म्हणजे मांजा. खारं पाणी नाही, त्यामुळे समुद्रकाठासारखा गंज कमी. पण संक्रांतीनंतर फुटाळा-अंबाझरी तलावांत जो नायलॉन मांजा पडतो, तो प्रोपेलरच्या मागे शाफ्टला गुंडाळला जातो, घर्षणाने वितळून कडक कडं बनतो आणि सीलची कड कापतो. विसर्जनाचे दोरे आणि पन्नीही तेच करतात. २३ सप्टेंबर २०२३ सारख्या पुरात वस्तीतून बोट फिरवली असेल, तर दुसऱ्याच दिवशी प्रोपेलर काढून बघावा.

स्पार्क प्लगची कॅप काढा, ऑइल गाळा, प्रोपेलर उतरवा. थ्रस्ट वॉशरची (प्रोपेलर आणि गिअरकेसमधल्या जाड चकतीची) तिरपी बाजू कुठल्या दिशेला होती, त्याचा फोटो घ्या. मग गिअरकेस उतरवून वॉटर पंप सोडवा.

आता सगळ्यात महत्त्वाचं, आणि बहुतेक जण हेच टाळतात. एकही सील काढण्याआधी हवा भरून गळती शोधा. प्रोपेलरचं सील डोळ्यांना दिसतं म्हणून तेच बदललं जातं, आणि महिन्याभरात ऑइल पुन्हा पांढरं. पाणी ड्राइव्ह शाफ्टच्या सीलमधून, शिफ्ट रॉडच्या सीलमधून, स्क्रूच्या झिजलेल्या वॉशरमधून किंवा खडकावर आपटून केसला गेलेल्या तड्यातूनही येतं. आधी शोधलं नाही, तर तुम्ही अंदाजाने पार्ट बदलत बसाल.

ऑइल पूर्ण गाळल्यावर वरच्या व्हेंटच्या (हवा सुटायच्या) छिद्रात त्याच आट्यांचं निपल बसवा आणि सायकलचा गेजवाला पायपंप जोडा. खालचा स्क्रू घट्ट. पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर अजिबात नको. तो क्षणात दाब इतका चढवतो की चांगली सीलंही बाहेर ढकलली जातात. आधी ३-४ पीएसआय भरा आणि थांबा. कमी दाब का, तर जास्त दाबाखाली सीलची आतली कड शाफ्टवर आणखी घट्ट बसते आणि बारीक गळती लपून जाते. नंतर १०-१२ पीएसआयपर्यंत जा. पाच मिनिटं काटा हलता कामा नये. मॅन्युअलमध्ये वेगळा आकडा असेल, तर तो पाळा. दाब असतानाच शाफ्ट फिरवा, आत-बाहेर ओढा, गिअर बदला. नुसत्या उभ्या शाफ्टवर न गळणारं सील फिरवताना गळतं. प्रोपेलरकडचा भाग कूलरच्या टाकीत बुडवला, की बुडबुडे लगेच दिसतात. वरच्या सीलांवर साबणाचं पाणी लावा.

हवेची परीक्षा पास झाली तरी ती अर्धीच. तापलेला गिअरकेस थंड पाण्यात थांबतो, तेव्हा आतली हवा आकसते आणि पाणी आत ओढलं जातं. म्हणून ब्रेकची हवा काढायच्या हातपंपाने आतून ओढूनही बघा. फ्रिजवाल्याचा व्हॅक्यूम पंप यासाठी फार जोरकस आहे.

सील काढण्याआधी त्यांची तोंडं कुणीकडे आहेत ते लिहून ठेवा. पुष्कळ मोटरींत दोन सीलं पाठीला पाठ असतात. आतलं ऑइल अडवतं, बाहेरचं पाणी. काहींत दोन्हींची तोंडं बाहेरच असतात. जसं निघालं तसंच बसवा. मापं सीलवर छापलेली असतात, पण बेअरिंगच्या दुकानातलं साधं गाडीचं सील घेऊ नका. त्यातली स्प्रिंग साध्या लोखंडाची असते, गंजते आणि कड सैल पडते. स्टेनलेस स्प्रिंगचं मागा.

मग शाफ्टवरून नख फिरवा. नख खाचेत अडकलं, तर नवं सीलही गळणार. हिंगण्याच्या एमआयडीसीत लेथवाला "घासून देतो" म्हणेल, त्याला नको म्हणा. व्यास कमी झाला, की सील कायमचं सैल. त्यापेक्षा पातळ स्टेनलेस स्लीव्ह चढवा, किंवा खोबणीत जागा असेल तर सील मिलिमीटरभर मागे-पुढे बसवा. लेथवाल्याकडून काम घ्यायचंच असेल, तर सीलच्या बाहेरच्या व्यासाचा सपाट बुश करून घ्या. सील हातोड्याने नाही, या बुशने सरळ बसवायचं. दोन सीलांमधली पोकळी मरीन ग्रीसने भरा आणि शाफ्टच्या दात्यांवर चिकटपट्टी गुंडाळूनच कॅरिअर (सील ज्यात बसतं ते घर) सरकवा. दात्यांनी एक ओरखडा काढला, तर पूर्ण मेहनत पाण्यात. बसवून झाल्यावर हवेची परीक्षा पुन्हा.

इम्पेलर, म्हणजे वॉटर पंपाचं रबरी चाक, हाताशीच आहे, तर नवा टाका. पाती तुटलेली असतील, तर तुकडे पाण्याच्या नळीत शोधा. ड्राइव्ह शाफ्टच्या दात्यांना फक्त बाजूने ग्रीस लावा, टोकावर नाही. टोकावरचं ग्रीस वर दाबलं जातं आणि गिअरकेस नीट बसत नाही. ऑइल खालून भरा, वरच्या छिद्रातून बुडबुडे थांबेपर्यंत. आधी वरचा स्क्रू, मग खालचा. वॉशर नवे. मोटर ड्रमच्या पाण्यातच सुरू करायची, कोरडी एक मिनिटही नाही. चार-पाच तास चालवल्यावर ऑइल पुन्हा बघा.

गिअर बदलायचा असेल, बेअरिंग आवाज करत असेल किंवा शाफ्ट वाकला असेल, तर हात घालू नका. तिथे शिम (पातळ चकत्या) मोजून पिनियनची, म्हणजे लहान गिअरची, उंची आणि दात्यांमधली ढील जुळवावी लागते. अंदाजे बसवलेला गिअर एका सीझनमध्ये दाते खातो. तज्ज्ञाकडून तीन गोष्टी मागा: हवा आणि व्हॅक्यूमचे आकडे, बदललेले जुने पार्ट, आणि शिम कुठले टाकले याची नोंद. मोजलं नसेल, तर नोंदही नसेल.

बोटीला स्टर्नड्राइव्ह (इंजिन बोटीत, प्रोपेलरचा पाय मागे बाहेर) असेल, तर खालच्या गिअरकेसला हेच सगळं लागू आहे. पण मागच्या भिंतीतले रबरी बेलो (घड्यांची नळी), गिंबल बेअरिंग (इंजिनाकडून येणाऱ्या शाफ्टचा आधार) आणि इंजिनाचं अलाइनमेंट घरी करू नका. बेलो फाटला तर पाणी थेट बोटीत शिरतं. नागपूरच्या ४५ अंशांत टिनाच्या शेडखाली उभ्या बोटीचं रबर लवकर कडक होतं, म्हणून पावसाळ्याआधी बेलोच्या घड्या बोटाने उघडून बघा. चिरा दिसल्या, तर बोट पाण्यात उतरवू नका.