खुरांपासून पाठीपर्यंत : घोड्याची आणि कुत्र्याची हातांनी घ्यायची निगा

पोळ्याच्या आदल्या दिवशी बैलांची खांदेमळणी होते. वर्षभर जू वाहून घट्टे पडलेले खांदे गरम पाण्याने शेकले जातात आणि त्यांवर हळद व तूप चोळले जाते. काम करणाऱ्या जनावराच्या अंगावरून हात फिरवून त्याचा शीण कुठे साठला आहे हे पाहण्याची ही रीत पुणे जिल्ह्यातल्या गावांत आजही पाळली जाते. घोड्याच्या आणि कुत्र्याच्या मालिशीबद्दल हल्ली ‘बॉडीवर्क’ या नावाने जे शिकवले जाते, ते समजून घ्यायला मला या खांदेमळणीचाच सर्वांत जास्त उपयोग झाला, कारण तिच्यात चोळण्याइतकेच महत्त्व हाताने तपासण्याला आहे.

मी पुण्याजवळच्या मांजरी गावाच्या बाजूला एक घोडी आणि घरी एक म्हातारी लॅब्रडॉर कुत्री सांभाळते. चार वर्षांपूर्वी घोडीची पाठ दुखू लागली. खोगीर ठेवताच ती कातडी थरथरवून पाठ खाली घेई आणि तंग, म्हणजे खोगिराचा पोटाखालचा पट्टा, आवळताना कान मागे टाकी. मी खोगिराखालचा नमदा बदलला आणि दोन महिने रोज तिची पाठ चोळली. त्या चोळण्याने तिला त्या दिवसापुरता आराम पडे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. शेवटी एका अनुभवी नालबंदाने तिचा पाय हातात घेण्याआधीच, पाच पावलांवर उभे राहून सांगितले की हिच्या पुढच्या खुरांची टोके लांबली आहेत. पावसाळ्यात तबेल्याचा रस्ता खराब होतो म्हणून मी छाटणी सहा आठवड्यांवरून अकरा आठवड्यांवर नेली होती. खुराचे टोक लांबले की पाऊल उचलायला उशीर होतो, पायाच्या मागून उतरणाऱ्या कंडरेवर आणि टाचेच्या भागावर ताण येतो, तो ताण टाळण्यासाठी जनावर पाऊल आखूड टाकते, खांदे आवळून धरते आणि हा आखडलेपणा अखेर पाठीत येऊन बसतो. म्हणून या लेखातला क्रम पायांकडून पाठीकडे जातो, आणि तो उलटा करू नये अशी माझी कळकळीची विनंती आहे.

हात लावण्याआधी

घोड्याला सपाट, कडक जमिनीवर सैल दोराने सरळ चालवावे, मग दुडक्या चालीने पळवावे, आणि हे करणारा माणूस दुसरा असावा, म्हणजे आपल्याला समोरून व मागून पाहता येते. पुढचा पाय दुखत असेल तर तो जमिनीवर टेकताना घोडा डोके वर उचलतो आणि चांगला पाय टेकताना डोके खाली आणतो. मऊ मातीत हा फरक बराचसा झाकला जातो, आणि दोर ताणून धरला तर तो दिसतच नाही. कुत्र्याचे पुढचे दुखणेही याच खुणेने ओळखता येते. दोन्ही प्राणी शरीराचे साधारण ६० टक्के वजन पुढच्या पायांवर पेलतात, आणि माणसाप्रमाणे पुढच्या पायाला धडाशी सांधणारे गळपट्टीचे हाड दोघांनाही नसते. छातीचा पिंजरा पुढच्या दोन पायांमध्ये स्नायूंच्या झोळीत टांगलेला असतो. पावलात काही बिनसले की त्या झोळीवर लगेच ओढ येते, ती यामुळेच.

घोड्याचे खूर

खूर रोज साफ करावेत, आणि घोड्यावर बसायचे असेल त्या दिवशी आधी व नंतर असे दोनदा करावेत. घोड्याच्या खांद्याजवळ, तोंड त्याच्या शेपटीकडे करून उभे राहावे आणि खांद्यावरून हात खाली सरकवत न्यावा. हात सरकत असतानाच कंडरा, सांधे आणि त्यांच्यातली ऊब तपासून होते, त्यामुळे हा प्रवास घाईने उरकू नये. पाय उचलल्यावर खूर साफ करायची आकडी टाचेकडून टोकाकडे चालवावी. तळव्याच्या मध्यभागी जो त्रिकोणी, रबरासारखा लवचीक भाग असतो तो खरवडू नये, त्याच्या दोन्ही बाजूंच्या खाचा मात्र नीट मोकळ्या कराव्यात. म्हाताऱ्या घोड्याचा पाय फार उंच किंवा फार वेळ धरू नये. तो पाय ओढून घेतो तेव्हा अनेकदा हट्ट नसतो, वरचा सांधा दुखत असतो.

पुण्यात खुरांची खरी परीक्षा जून ते सप्टेंबर होते. कॅम्पातल्या रेसकोर्सचा हंगामही पावसाळ्यातच असतो, पण तिथे दिमतीला घोड्यांची देखभाल करणारे मोतद्दार असतात. लहान तबेल्यांत चिखल आणि मूत्राने भिजलेल्या गवतात घोडा तासन्‌तास उभा राहतो. खाचांत काळा, चिकट स्राव दिसला आणि आकडीला कुजका वास आला तर तो ‘थ्रश’ समजावा. खूर धुऊन पूर्ण कोरडा करावा, पातळ केलेल्या पोव्हिडोन आयोडीनचा कापूस खाचेत फिरवावा आणि मुख्य म्हणजे उभे राहण्याची जागा कोरडी करावी, कारण जागा ओली ठेवून केलेला कोणताही उपाय टिकत नाही. फिनाईल किंवा गाडीचे जळके ऑइल खुरात ओतण्याची सवय मी काही ठिकाणी पाहिली आहे. त्याने खालचा जिवंत भाग भाजतो. आठवड्याभरात फरक पडला नाही, खाच खोल गेली किंवा घोडा लंगडू लागला तर पशुवैद्यकाला दाखवावे.

रोज आणखी दोन गोष्टी हाताने पाहाव्यात. पहिली ऊब : चारही खुरांवर तळहात ठेवून त्यांची एकमेकांशी तुलना करावी. दुसरी नाडी : खुराच्या वरच्या सांध्यामागे, आतल्या व बाहेरच्या बाजूला, दोन बोटे हलकेच टेकवावीत. निरोगी घोड्यात इथली नाडी इतकी मंद लागते की नवख्या माणसाला ती सापडायलाच दोन-तीन दिवस जातात. ती ठणठण उडत असेल, खूर गरम असेल आणि घोडा पुढचे पाय पुढे टाकून वजन मागच्या पायांवर घेत उभा असेल, वळताना कुंथत असेल, तर ‘लॅमिनायटिस’ची, म्हणजे खुराच्या आतल्या भागाला आलेल्या दाहाची, शंका घ्यावी आणि त्याच तासाला पशुवैद्यकाला बोलवावे. तोवर त्याला चालवू नये, खाली जाड, मऊ अंथरूण घालावे आणि दाणा बंद करावा. अचानक जास्त धान्य खाण्यात येणे हे या दुखण्याचे एक मोठे कारण आहे. लग्नसराईत वरातीच्या घोडीला प्रत्येक दारात गूळ आणि हरभरा भरवला जातो, त्यात प्रेमच असते, पण डांबरावर चार-पाच तास उभ्या असलेल्या जनावरासाठी ते फार धोक्याचे ठरते. अशा वेळी ओंजळ पुढे करणाऱ्याला हात जोडून थांबवावे.

खुराची भिंत महिन्याला साधारण ८ ते १० मिलीमीटर वाढते, त्यामुळे सहा ते आठ आठवड्यांनी छाटणी लागतेच, नाल असो वा नसो. बाजूने पाहिल्यावर खुराची पुढची रेघ आणि त्याच्या वरच्या निमुळत्या भागाची रेघ एकाच उतारात दिसायला हवी. ती मध्येच मोडलेली दिसली तर नालबंदाला बोलवण्याची वेळ उलटून गेलेली असते. छाटणी आणि नाल ठोकणे हे शिकलेल्या हाताचे काम आहे. नालबंद येईल तेव्हा मात्र शेजारी उभे राहून त्याने किती काढले, का काढले हे विचारत जावे. खुरात खिळा घुसलेला दिसला तर तो उपसण्याची घाई करू नये, कारण तो किती खोल आणि कोणत्या दिशेने गेला आहे हे पशुवैद्यकाला पाहता आले पाहिजे. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो, त्यामुळे त्याच्या लसीची तारीख तबेल्यात भिंतीवर लिहिलेली असावी.

मान, पाठ आणि पुठ्ठे

खूर तपासून झाल्यावर खरारा करावा आणि त्यानंतर मालिश, म्हणजे धूळ कातडीत रगडली जात नाही. घोड्याला आवळून बांधू नये, दोर हाताला गुंडाळू नये, चपला घालून जवळ जाऊ नये आणि कधीही त्याच्या पायांशी मांडी घालून बसू नये.

सुरुवात आयाळ संपते तिथल्या उंचवट्यापाशी करावी. घोडे एकमेकांना दातांनी खाजवतात ते इथेच, आणि या जागी खाजवल्यावर घोड्याच्या हृदयाचे ठोके मंदावतात असे अभ्यासातही दिसले आहे. तिथून सपाट तळहात केसांच्या दिशेने, मानेवरून खांद्याकडे आणि मग कण्याच्या बाजूने मागे न्यावा. पहिल्या फेरीत वजन अगदी कमी असावे, डोळ्याच्या पापणीवर बोट ठेवावे इतके. कुठे हाताला गरम लागते, कुठे दोरीसारखा घट्ट पट्टा लागतो, कुठे कातडी थरथरते हे फक्त लक्षात ठेवावे. दुसऱ्या फेरीत त्या जागी थांबून, हाताच्या गादीने हळूहळू गोलाकार दाब द्यावा आणि घोडा श्वास सोडेपर्यंत वाट पाहावी. कण्याच्या हाडांवर थेट दाब कधीही देऊ नये, तो दोन्ही बाजूंच्या स्नायूंवरच द्यावा. डोके खाली येणे, डोळे अर्धे मिटणे, खालचा ओठ सैल पडणे, जबडा चाळवणे या खुणा दिसल्या की काम योग्य चालले आहे असे समजावे. शेपूट आपटणे, कान मागे जाणे, चावायला वळणे यांचा अर्थ दाब जास्त आहे किंवा तिथे खरे दुखणे आहे, आणि दोन्ही वेळा हात उचलायचाच असतो.

शेवटी गाजराचा ताण द्यावा. घोड्याची हनुवटी गाजराच्या मागे छातीकडे, मग तंगाच्या जागेकडे, मग मागच्या मांडीकडे वळवावी, प्रत्येक बाजूला पाच वेळा, आणि दर वेळी काही क्षण स्थिर राहू द्यावे. हा व्यायाम आठवड्यातून पाच दिवस, तीन महिने केल्यास कण्यालगतचे खोल स्नायू वाढतात हे मोजून दाखवले गेले आहे, आणि माझ्या घोडीच्या पाठीला चोळण्यापेक्षा याचा गुण जास्त आला. मान ओढून वळवू नये. ती जेवढी स्वतः वळेल तेवढाच तो ताण.

कुत्र्याचे पंजे आणि अंग

फरशीवर नखांची टकटक ऐकू आली की नखे वाढली आहेत. लांब नख जमिनीला लागून बोट वर ढकलते, कुत्रा वजन मागे घेतो, आणि घोड्याच्या खुराची जी कथा वर सांगितली तीच इथे मांडी आणि कंबरेपर्यंत जाते. फ्लॅटमधल्या गुळगुळीत टाइल्स हे दुखणे दुप्पट करतात. म्हाताऱ्या कुत्र्याच्या रोजच्या वाटेवर सतरंजीच्या पट्ट्या अंथरल्या तर त्याला मिळणारा आराम कोणत्याही मालिशीहून मोठा असतो. नखे तीन-चार आठवड्यांनी कापावीत. पांढऱ्या नखात गुलाबी जिवंत भाग दिसतो. काळ्या नखाचे मात्र अगदी पातळ काप घेत जावेत आणि कापलेल्या भागाच्या मध्यभागी गडद ठिपका दिसताच थांबावे. रक्त आलेच तर कॉर्नफ्लॉर दाबून धरावे. पंजाच्या आतल्या बाजूला वर असलेले नख जमिनीला घासत नाही, ते विसरल्यास गोल वाढून मांसात रुतते.

वेताळ टेकडीवर किंवा पर्वती-तळजाईच्या बाजूला फिरायला नेणाऱ्यांनी पावसाळ्यानंतर घरी येताच बोटांच्या बेचक्या पाहाव्यात. ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये वाळलेल्या गवताचे कुसळ कातडीत शिरते आणि आत सरकत जाते, वर फक्त एक लहानशी सूज दिसते. पावसात त्याच बेचक्यांत गोचीड बसतात. उन्हाळ्यात डांबरावर हाताची मागची बाजू सात सेकंद टेकवून पाहावी. आपल्याला सहन झाले नाही तर कुत्र्याच्या गाद्याही भाजणारच.

मालिश जमिनीवर, जेवणानंतर किमान दोन तासांनी करावी. डोक्यावर हात न ठेवता छातीपासून सुरू करावे, तीन सेकंदांनी हात काढून घ्यावा आणि कुत्रा स्वतः जवळ सरकतो का हे पाहावे. सरकला तरच पुढे जावे. घोड्याच्या आणि कुत्र्याच्या भाषेत इथे मोठा फरक आहे. जबडा चाळवणे आणि जांभई या घोड्यात सैलावल्याच्या खुणा मानल्या जातात, तर हात लागल्यावर कुत्रा ओठ चाटत असेल, जांभया देत असेल, डोळ्यांचा पांढरा भाग दाखवत असेल, तर बहुतेक वेळा तो अस्वस्थ असतो. जुन्या संधिवाताला गरम कपड्याचा शेक दहा-पंधरा मिनिटे द्यावा, आधी आपल्या मनगटावर पाहून. ताज्या मुक्या माराला मात्र शेक देऊ नये. माणसांचे वेदनाशामक मलम, कापूर किंवा टी ट्री ऑइल कुत्र्याला लावू नये, कारण तो ते चाटतो. आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी तर कधीच देऊ नये.

केव्हा थांबावे

ताप, उघडी जखम, गाठ, ताजी सूज किंवा संसर्ग असताना मालिश करायची नसते. घोड्याचे सामान्य तापमान ३७.५ ते ३८.५ अंश सेल्सिअस आणि विश्रांतीतली नाडी मिनिटाला २८ ते ४४ असते, त्याबाहेर आकडा गेला तर आधी फोन करावा. मेहनतीनंतर पुठ्ठ्यांचे स्नायू दगडासारखे कडक झाले आणि लघवी गडद रंगाची झाली तर घोड्याला एक पाऊलही चालवू नये. डॅशहाउंडसारख्या लांब पाठीच्या कुत्र्याचे मागचे पाय अचानक लुळे पडले तर ती रात्रीही धावपळ करण्याची वेळ आहे. भारतीय पशुवैद्यक परिषद अधिनियम, १९८४ नुसार पशुवैद्यकीचा व्यवसाय करण्याचा अधिकार नोंदणीकृत पशुवैद्यकालाच आहे. मालिशीने आजार बरा करून देतो असे सांगणाऱ्याला जनावर सोपवू नये.

मी दोघींसाठी एकच वही ठेवली आहे. तिच्यात तारीख, खुरांची ऊब, नाडी, नखे आणि हाताला लागलेल्या जागा लिहिते. गेल्या श्रावणात घोडीला ताप येऊन गेला आणि काही दिवसांनी, केस संपून खूर सुरू होतो त्या कडेला, पुढच्या उजव्या खुरावर एक आडवी रेघ उमटली. दर छाटणीला मी पट्टीने ती मोजत आले. आता ज्येष्ठ संपत आला आहे आणि रेघ जमिनीपासून बोटभर अंतरावर आली आहे. पुढच्या छाटणीला ती कानशीखाली निघून जाईल.