गीझर बदलायचा की दुरुस्त करायचा: दिवाळीआधीची तयारी

पुण्यात गीझरवाल्याला फोन करायचा तो नवरात्राच्या सुमाराला. अभ्यंगस्नानाच्या आदल्या दिवशी गीझर बंद पडला, की मिळेल तो माणूस, तो सांगेल तो भाव आणि दुकानात उरलेलं मॉडेल, हेच पदरात पडतं. डिसेंबरात थंडी वाढल्यावर तर दुरुस्तीवाले फोनसुद्धा उचलत नाहीत. म्हणून पाऊस ओसरला की एका रविवारी सकाळी ही पाहणी उरकून घ्या.

आधी गीझरच्या अंगावरची पाटी वाचा आणि मोबाइलवर तिचा फोटो काढून ठेवा. लिटर, वॉट, किती बार दाब सोसतो आणि कुठल्या वर्षाचा, हे सगळं त्यावर किंवा स्टारच्या लेबलवर असतं. मग बिल शोधा. बऱ्याच कंपन्या टाकीवर पाच ते सात वर्षांची वॉरंटी देतात, पाणी तापवणाऱ्या कॉइलवर त्याहून कमी. बिल हाताशी असेल तर निम्मी चर्चा तिथेच संपते.

आता मेन स्विच बंद करून खालून टॉर्च मारा. वय किती झालं यापेक्षा पाणी नेमकं कुठून येतंय, यावर निर्णय ठरतो. पाणी तापताना सेफ्टी वॉल्वमधून चार थेंब पडणं हा बिघाड नव्हे. तापलं की पाणी फुगतं, आणि वाढलेला दाब वॉल्व बाहेर सोडतो. त्या थेंबांना कंटाळून वॉल्वच्या तोंडाला बूच मारलेलं मी पाहिलं आहे. हात जोडून सांगते, असं कधीही करू नका. थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी ठरल्याइतकं तापलं की वीज तोडणारा भाग, अडकला तर टाकी फुटण्यापासून वाचवणारा तो शेवटचा उपाय असतो. पाइपच्या सांध्यातून गळत असेल तर नवा पाइप आणि टेफ्लॉन टेप पुरते. खालच्या प्लेटच्या कडेने ओल दिसली तर गॅस्केट, म्हणजे प्लेटखालची रबरी चकती, बदलायचं, काही शेकड्यांत काम होतं. पण कुठल्याच सांध्याशी संबंध नसलेल्या जागी पत्र्याच्या आतून पाणी पाझरत असेल, तर टाकी गंजली. थंड नळाला स्वच्छ आणि गरम नळाला तांबूस पाणी येत असेल, तर तीही गंजाचीच खूण. गंजलेल्या टाकीवर एक रुपयाही घालू नका, नवा गीझर घ्या.

टाकी शाबूत असेल तर कारागिराला खालची प्लेट उघडायला सांगा आणि स्वतः शेजारी उभं राहून बघा. कॉइलवर क्षारांचा पांढरट, खरबरीत थर दिसेल. बोटाने दाबला तर त्याचे कपचे निघतात. तोच तळाशी वाटी-वाटीभर साचलेला असतो, आणि पाणी तापताना जो कडकड आवाज येतो तो त्याचाच. शेजारी अ‍ॅनोड असतो, मॅग्नेशियमचा दांडा. टाकीच्या पत्र्याऐवजी तो स्वतः झिजतो आणि टाकी वाचवतो. तो झिजून आतली तार उरली असेल तर लगेच बदला. ज्यांच्या घरी हा दांडा वेळेवर बदलला जातो, त्यांची टाकी खूप टिकते, आणि तरीही त्याचं नाव कुणी काढत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

यात पाण्याचा वाटा मोठा. सदाशिव पेठेत आईकडे खडकवासल्याचं पाणी येतं, ते त्यामानाने मऊ, म्हणजे कमी क्षारांचं. तिथे कॉइल वर्षानुवर्षं जवळजवळ स्वच्छ निघते. वाघोलीत बहिणीकडे टँकर आणि बोअरचं पाणी, तिथे त्याच कंपनीच्या गीझरमध्ये थर झरझर वाढतो. थरामुळे उष्णता पाण्यात उतरत नाही, कॉइल स्वतःच तापत राहते आणि जळते. तेव्हा बोअरचं पाणी असेल तर दरवर्षी सफाई करून घ्या आणि थर्मोस्टॅट साठ अंशांच्या वर नेऊ नका; जास्त तापमानाला क्षार भराभर बसतात.

विजेचा झटका हा वेगळा विषय आहे. नळाला हात लावल्यावर मुंग्या आल्या किंवा गीझर लावताच ईएलसीबी (वीज गळली की पुरवठा तोडणारा स्विच) पडू लागला, तर त्या क्षणापासून गीझर बंद. ईएलसीबी काढून थेट जोडून देतो म्हणणाऱ्या माणसाला घरातून घालवून द्या. बहुतेक वेळा कॉइल फुटलेली असते आणि ती बदलता येते, पण त्याबरोबर घराचं अर्थिंगही तपासून घ्या.

खर्चाचं गणित मी असं मांडते: सर्व्हिसिंग चार-पाचशे ते आठशे, कॉइल किंवा थर्मोस्टॅट बदलणं मजुरीसह साधारण हजार-दीड हजार. गीझर आठ वर्षांच्या पुढे गेला असेल आणि दुरुस्तीचा आकडा नव्याच्या निम्म्याच्या जवळ जात असेल, तर बदला. नवा 15 लिटरचा साधारण 6 ते 10 हजारांत येतो, 25 लिटरचा 8 ते 13 हजारांत. पण ही फक्त डब्याची किंमत. दोन कनेक्शन पाइप, अँगल कॉक, बोल्ट आणि मजुरीचे हजार-दीड हजार वेगळे धरा. जुनी वायर बारीक असेल तर 16 अँपिअरचा पॉइंट, एमसीबी (वीज जास्त खेचली गेली की आपोआप पडणारा स्विच) आणि जाड तांब्याची वायर हाही खर्च येतो, आणि तो टाळण्यासारखा नाही.

माणसं तीन-चार आणि अंघोळ बादलीने असेल तर 15 लिटर पुरतो; शॉवर असेल तर 25 घ्या. 2000 वॉटच्या कॉइलवर 15 लिटर पाणी 20 अंशांवरून 60 पर्यंत जायला वीसेक मिनिटं आणि सुमारे पाऊण युनिट लागतं, 25 लिटरला सव्वा युनिटच्या आत-बाहेर. उंच इमारतीत आठ बारचा गीझर मागा. दाबाचा हा प्रश्न वरच्या मजल्यांपेक्षा खालच्यांना जास्त असतो: गच्चीवरच्या टाकीपासून दर दहा मीटर खाली आलं की साधारण एक बार दाब वाढतो. भिंतही बघा. नव्या बांधकामात हलक्या ब्लॉकच्या भिंती असतात, आणि भरलेला 25 लिटरचा गीझर पस्तीस किलोच्या घरात जातो. तिथे साधे खिळे-प्लग चालत नाहीत, त्या भिंतीचे वेगळे बोल्ट लागतात. सोसायटीत सोलरचं पाणी येत असेल तर गीझर फक्त ढगाळ दिवसांपुरता लागतो, मोठा घेऊ नका. गॅस गीझर बंद बाथरूममध्ये बसवायचाच नाही. गॅस जळताना निघणाऱ्या कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला वास नसतो, त्यामुळे माणसाला कळतही नाही.

खरेदीला तपकीर गल्लीत, म्हणजे पुण्याच्या विजेच्या सामानाच्या बाजारात, एक फेरी मारा, मग ऑनलाइन भाव बघा, आणि जुना गीझर परत घेण्याचे किती कमी करणार ते आधीच ठरवून घ्या. जुन्या गीझरची टाकी तांब्याची असेल तर भंगारात तिला वेगळा भाव मिळतो.

बसवून झाल्यावर कारागिराला लगेच स्विच लावू देऊ नका. आधी गरम पाण्याचा नळ उघडा, हवा फुसफुसत जाऊन अखंड धार येऊ द्या, मगच वीज. कोरड्या टाकीत कॉइल पहिल्याच मिनिटाला जळते. पाणी पूर्ण तापलं की सगळ्या सांध्यांना कोरडा कागद लावून बघा, ईएलसीबीचं टेस्ट बटण दाबून तो पडतो का ते बघा, आणि तोवर पैसे हातात ठेवा.