वीतभर मलिक-ए-मैदान

पुण्याच्या जुन्या बाजारात नऊशे रुपयांना वीतभर तोफ मिळाली. विकणारा म्हणे, "शिवकालीन आहे, साहेब!" मी नुसती मान डोलावली. घरी टॉर्च मारला तर तोफेचं तोंड म्हणजे सिंहाचा जबडा, त्यात चिरडलेला हत्ती. ही तर विजापूरची मलिक-ए-मैदान! मूळ तोफ १५४९ साली अहमदनगरला ओतलेली.

लोहचुंबक चिकटला नाही. बुडाशी कानस लावली, आत तांबूस धातू, बहुधा कांस्यच. आई चिंच घेऊन आली, तिला थांबवलं, नाहीतर जुनी काळपट छटाच गेली असती. साबणपाणी, टूथब्रश, खाचांतल्या हिरव्या भुकटीला बांबूची काडी. बत्तीच्या भोकात कुणीतरी एपॉक्सीचं घट्ट लुकण ठासलेलं. तापवलेल्या सुईनं ते टोकरण्यात दोन संध्याकाळी गेल्या. मग हेअर ड्रायरनं वाळवून मेणाचा पातळ हात दिला.