पाठ नको, पाट धरा: जुन्या संस्कृती डोक्यात कशा बसवायच्या

भाची अकरावीला आहे, सीबीएसई. दिवाळीत धुळ्याला आली आणि आल्या आल्या सुरू, मामा तो मेसोपोटेमिया (म्हणजे आजच्या इराककडची जुनी संस्कृती) काही डोक्यात बसत नाही, उर शहर कुठलं उरुक कुठलं, सार्गन राजा आधी की हम्मुराबी आधी, सगळी खिचडी होते. पुस्तक उघडून बघितलं तर प्रत्येक राजाच्या नावावर पिवळा हायलायटर. तिथेच चुकतं भो. राजा सगळ्यात शेवटी वाचायचा असतो.

तर मी तिला काय करायला लावलं ते सांगतो, तुमच्याही पोरांना कामी येईल. एक कोरा कागद घ्यायचा आणि ज्या संस्कृतीचा धडा असेल तिला चारच गोष्टी विचारायच्या, पाणी कुणाच्या हातात, धान्य कुठे साठतं, हिशोब कोण लिहितं, आणि देवाचा माणूस कोण. ही उत्तरं लिहून झाली की राजा आपोआप समोर येतो, किंवा येत नाही, आणि नाही आला तर ते जास्त इंटरेस्टिंग.

सुरुवात आपल्याकडच्या पाण्यापासून करा. आमच्या धुळ्याकडच्या पांझरा नदीवरची फड पद्धत बघितली नसेल तर एकदा जाऊन या. नदीला बंधारा, त्यातून पाट, जमिनीचे फड म्हणजे मोठे तुकडे पाडलेले, कुठल्या फडात काय पीक ते सगळ्यांनी बसून ठरवायचं, पाटकरी पाणी देणार, जागल्या राखण करणार, वर देखरेखीला हवालदार. आता हे डोक्यात ठेवून सुमेरकडे, म्हणजे मेसोपोटेमियाच्या दक्षिण भागाकडे जा. लगाश आणि उम्मा ही दोन शेजारी शहरं, मधल्या सुपीक पट्ट्यावरून आणि कालव्याच्या पाण्यावरून पिढ्यानपिढ्या भांडली, इ.स.पू. २४५० च्या सुमारास लगाशच्या एअन्नातुम राजाने उम्माला हरवून दगडावर विजय कोरून घेतला, त्यात मेलेल्यांची मुंडकी गिधाडं उचलून नेतायत. आणि गंमत म्हणजे त्या लेखात वादातली जमीन राजाची नाहीच, ती निनगिरसू देवाची. भाचीला हे पटेना, देवाचं शेत कसं असेल म्हणे. तिला देवस्थान इनामाचा सातबारा दाखवला, मालक म्हणून देवाचं नाव आणि कसणारा दुसराच. लगेच ट्यूब पेटली. सुमेरमधे धर्म आणि सरकार अशी दोन खाती नव्हतीच, देवळाची जमीन, देवळाचं कोठार, आणि त्या कोठारात किती बार्ली आली किती वाटली हे ठेवायला मातीच्या पाट्यांवर खुणा, त्यातून लिपी, इ.स.पू. ३३०० ते ३२०० च्या आसपास उरुकमधे. कविता नंतर आली, आधी उचल आणि बाकी 🙂

हम्मुराबी हा बाबिलोनचा राजा, त्याच्या कायद्यातलं लोक फक्त डोळ्याला डोळा सांगतात. अर्धवट आहे ते. बरोबरीच्या माणसाचा डोळा फोडला तर डोळा, साध्या माणसाचा फोडला तर चांदीचा दंड, गुलामाचा असेल तर त्याची अर्धी किंमत मालकाला. या एका कलमातून अख्खा समाज दिसतो, म्हणून हेच लिहायचं पेपरात. शिवाय त्यात असंही आहे की ज्याने आळसाने आपला बांध मजबूत ठेवला नाही आणि पाणी फुटून दुसऱ्याचं पीक गेलं त्याने धान्य भरून द्यायचं, नसेल तर त्याला आणि त्याच्या सामानाला विकायचं. आमच्याकडे असा कायदा असता तर अर्धी भाऊबंदकी विकली गेली असती.

इजिप्तला नाईलचा पूर ठरलेला, म्हणून पुराची उंची मोजायची आणि त्यावरून कराचा अंदाज. फेरो म्हणजे तिथला राजा, तो जिवंत होरस देव, त्याचं काम मात टिकवणं, मात म्हणजे जगाची घडी नीट राहणं, मेल्यावर काळीज त्याच मातच्या पिसाबरोबर तराजूत. पिरॅमिड सगळ्यांना माहीतच आहेत, मी ते सोडून भाचीला संप सांगितला. तिसऱ्या रामसेसच्या काळात, इ.स.पू. ११५७ च्या सुमारास, राजांच्या कबरी कोरणाऱ्या कारागिरांना धान्याचा पगार वेळेवर मिळेना तर त्यांनी काम टाकलं आणि देवळांपाशी जाऊन बसले. देवाचा अवतार असला तरी रेशन थकवून चालत नाही.

चीनच्या शांग राजांचं लक्षात ठेवायला भेंडवळची घटमांडणी आठवा, अक्षय्यतृतीयेला धान्य मांडून पाऊसपाण्याचं भाकीत करतात ना ती. शांग लोक बैलाच्या खांद्याचं हाड किंवा कासवाच्या पोटाकडचं कवच तापवून तडे वाचायचे, पाऊस पडेल का, राणीचं बाळंतपण नीट होईल का, राजाचा दात का दुखतोय. फरक एवढाच की तिथे पूर्वजांशी बोलायचा हक्क राजाकडे, आणि प्रश्न हाडावरच कोरून ठेवायचे म्हणून आपल्याला कळलं.

आता सिंधू, इथे कागदाचा चौथा, देवाच्या माणसाचा, कोपरा कोरा सोडायचा. मोहेंजोदारोला महास्नानगृह आहे, विटांचं माप १:२:४, वजनं सगळीकडे एकसारखी, पण खात्रीने राजवाडा म्हणावा असं काही नाही, लिपी वाचता येत नाही, आणि तो दाढीवाला ‘पुरोहित राजा’ हे नाव आपणच दिलेलं. म्हणून जमलं तर उत्तरात पुजाऱ्यांचं राज्य वगैरे ठोकू नका. मी स्वतः त्याला फडासारखं समजतो, पुष्कळांनी मिळून चालवलेलं, पण हा माझा अंदाज, परीक्षेत लिहू नका. बाकी आपल्याला मिरवायला एक गोष्ट आहे, मोहेंजोदारोला चांदीच्या भांड्याला चिकटलेलं सुती कापड सापडलंय. तिकडे सुमेरला लोकर, इजिप्तला जवसाचं लिनन आणि इकडे कापूस. खानदेशी माणसाने हा मुद्दा विसरला तर काय म्हणायचं.

सनावळीसाठी सुतळी घ्या, एक वीत म्हणजे ५०० वर्षं. सात विती मोजा, एक टोक इ.स.पू. ३५००, दुसरं इसवी सनाची सुरुवात. पहिल्या वितीतच उरुकची लिपी आणि इजिप्तचा सुरुवातीचा राजा नार्मर (३१००), दोन विती होता होता इजिप्तच्या खुफू राजाचा पिरॅमिड (२५६०) आणि सिंधूची शहरं (२६०० ते १९००), अक्कडचा सार्गन २३३४ च्या सुमारास, हम्मुराबी १७५० ला संपतो, शांगची हाडं १२५० पासून. प्रत्येक ठिकाणी गाठ मारून चिठ्ठी टाचायची. सिंधूच्या पट्ट्यातच एक लाल चिंधी बांधा, ती तापीकाठच्या सावळदा गावाच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या ताम्रपाषाण, म्हणजे तांबं आणि दगड दोन्ही वापरणाऱ्या संस्कृतीची. तापीकाठच्याच प्रकाश्याला १९५४-५५ मधे खोदलं तेव्हा तिथेही ताम्रपाषाण काळाचे थर निघाले.

भाचीची सुतळी अजून आमच्या ओट्यावर खिळ्याला टांगलेली आहे, आईने तिसऱ्या गाठीला लसणाची जुडी अडकवलीय.